सुटून आलेल्यांची स्थळं

जगातल्या कोणत्याही दोन माणसांचं जमू शकतं, फक्त मध्ये बोलणारा तिसरा पाहिजे, या गोष्टीवर माझ्या बायकोच्या मामांचा जेवढा विश्वास आहे तेवढा मी तरी दुसऱ्या कुणाचा कशावरही पाहिलेला नाही. मामा स्वतः अविवाहित. हैदराबादेत, सुलतान बाजारातल्या एका साडीच्या दुकानावरच्या खोलीत बसून त्यांनी चाळीस वर्षं इथल्या मराठी लोकांची लग्नं जमवली, पण त्यांच्यासाठी बोलणारा तिसरा काही कुणाला सापडला नाही. मी पुण्याचा, नोकरीसाठी इथे आलेला. माझंही लग्न त्यांनीच जमवलं. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या हातात त्यांनी जो बायोडेटा दिला होता, त्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'मुलगा हुशार. बोलणं तुसडं. घोरत असावा असं नाकावरून वाटतं.' बायोडेटात खोटं लिहायचं नाही हा त्यांचा नेम, आणि त्या नेमापायी त्यांच्या हातून जमलेल्या लग्नांपेक्षा मोडलेलीच लग्नं जास्त. ते ही गोष्ट मुळीच लपवत नाहीत. "हौ, मोडली. पण लग्नाच्या आधी मोडली की नाही?" असं वर विचारतात.

गेली काही वर्षं मामा लग्नं कमी आणि वेगळीच स्थळं जास्त बघतात. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला राहायला खोली, करायला काम आणि जमलं तर त्याचंच घर परत मिळवून द्यायचं. पद्धत मात्र जुनीच. माणसाचा बायोडेटा करायचा, समोरच्याकडे निरोप धाडायचा, बघण्याचा कार्यक्रम ठरवायचा. एक नमुना मला पाठ आहे. 'वय बावन्न. जन्मठेप पूर्ण. पहाटे पाचला उठतो. अंथरुणाची घडी स्वतः घालतो. पानात वाढलेलं सगळं खातो. राग: पूर्वी होता. अपेक्षा: खिडकी असलेली खोली.' आबिड्सच्या मागच्या एका गल्लीत तेलुगू घरमालकाला मामांनी हा कागद मोठ्याने भाषांतर करून ऐकवला. तो बिचारा 'जन्मठेप'पर्यंत आला आणि "वद्दु सार, वद्दु" म्हणत नको नको करत हात जोडून उभाच राहिला. जिना उतरताना मी म्हटलं, "मामा, ते जन्मठेपेचं शेवटी लिहा ना. निदान खिडकीपर्यंत तरी ऐकून घेतील." मामा थांबले. "शेवटी लिहिलं तर फसवल्यासारखं होतंय, जावईबापू. लोकं वाईट नसतेत. त्यांना कुणी नीट विचारत नाही, इत्ताच घोटाळा हाय." त्या महिन्यात त्यांनी एकोणीस जणांना नीट विचारलं आणि एकोणिसांनीही नीट नकार दिला.

बोलणी करायला निघताना मामा पिशवीत नारळ घेतात. होकार आला तर तिथल्या तिथे हातावर ठेवायला हवा, ऐनवेळी नारळ शोधत कुठं फिरायचं, हा त्यांचा हिशेब. होकार येत नाही आणि नारळ आमच्याकडे येतो. गाडी माझी असल्यामुळे माझे रविवार यातच जातात, आणि सोमवारी डब्यात खोबऱ्याची चटणी असते. एकदा लागोपाठ पाच आठवडे चटणी झाली तेव्हा बायको ओट्यापाशी उभी राहून रडली. मला वाटलं, चटणीचा कंटाळा आला. ती म्हणाली, "पाच माणसं आहेत ही." त्यानंतर मी चटणीवर विनोद करणं सोडलं.

हा नाद मामांना लागला तो माणिकरावांमुळे. माणिकराव आणि त्यांचे थोरले भाऊ मिळून बेगम बाजारात मसाल्याचं दुकान चालवायचे. दोघांचीही लग्नं मामांनीच जमवलेली. एका दुपारी गिऱ्हाइकांसमोर थोरले काहीतरी लागट बोलले. माणिकरावांच्या हातात तेव्हा तराजूतलं दोन किलोचं वजन होतं. थोरले त्याच संध्याकाळी दवाखान्यात वारले. माणिकरावांना जन्मठेप झाली तेव्हा त्यांची मुलगी सात वर्षांची होती. पुढे त्यांची बायको आजाराने गेली आणि त्या मुलीला सांभाळलं तिच्या काकूने. म्हणजे ज्या माणसाला माणिकरावांनी मारलं, त्याच्या विधवेने. "दोन्ही स्थळं मी आणलेली. असं मधीच सोडून कसं चालंल?" असं म्हणून मामा दर भेटीच्या दिवशी तुरुंगात जात राहिले. तिथे त्यांना, ज्यांना भेटायला कुणीच येत नाही अशी माणसं भेटली, आणि एकेकाचा बायोडेटा सुरू झाला. पण खरी वाट ते माणिकरावांच्या सुटकेची बघत होते. चौदा वर्षांहून थोडं जास्तच लागलं.

माणिकराव सुटून आले ते थेट मामांच्या खोलीत राहायला. तुरुंगाच्या कचेरीत लिखापढीचं काम करून त्यांचं अक्षर छापल्यासारखं झालं होतं, म्हणून मामांनी त्यांना बायोडेटे लिहायला बसवलं. स्वतःच्या बायोडेटात मात्र त्यांनी 'अपेक्षा'ची ओळ कोरी सोडली. मामांनी दोन दिवस पिच्छा पुरवला तेव्हा कुठे लिहिलं, 'मुलीने एकदा बघावं.'

मामांनी तो कागद मुलीच्या काकूंकडे धाडला आणि काकूंनी बोलावलं. मी गाडी चालवत होतो आणि मनात मामांना शिव्या घालत होतो, कारण असल्या घरी बघण्याचा कार्यक्रम करायला निघणारा माणूस एक तर देव तरी असतो किंवा अक्कलशून्य तरी, आणि मामा देव नक्कीच नव्हते. घरात शिरल्याबरोबर समोर थोरल्या भावाचा फोटो, हार घातलेला. माणिकरावांना बसायला नेमकी त्याच्या समोरची खुर्ची आली. काकूंनी उप्पीट केलं होतं. मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली आणि सवयीप्रमाणे मामांच्या तोंडून निघून गेलं, "शिक्षण काय झालं बाळा?" तिने फार्मसी म्हणून सांगितलं. मग तिने वडिलांना विचारलं, "साखर किती घेता?" "तिथं जशी यायची तशी घेत होतो," माणिकराव म्हणाले. तिने एक चमचा घातला, ढवळला आणि कप त्यांच्या हातात दिला. एवढंच बोलणं झालं. निघताना काकू दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "कळवतो."

बघण्याच्या कार्यक्रमात 'कळवतो' म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणिकरावांना ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःला एकाच मुलीने बघितलं होतं आणि तिने लगेच हो म्हटलं होतं. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "कळवतो म्हणल्या. नाही म्हणल्या नाहीत." नकार असेल तर त्याच दिवशी तोंडावर सांगायचा, ही मामांची चाळीस वर्षांची शिस्त. मी आरशातून त्यांच्याकडे बघितलं. मामा खिडकीबाहेर बघत होते. "हौ," ते म्हणाले, "कळवतील की." माणिकराव रोज दाढी करून, धुतलेला सदरा घालून बायोडेटे लिहायला बसू लागले. जिन्यावर पाय वाजला की लेखणी थांबायची.

दोन महिन्यांनी एका रविवारी काकू खरंच जिना चढून आल्या. मीही तिथेच होतो. माणिकराव उठून उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मामांसमोर बसून म्हणाल्या, "पोरीचा कागद करायचाय. चांगलं स्थळ आलंय, लोकं बघायला येणारेत. वडिलांच्या नावापुढं कै. लावा."

मामा म्हणाले, "मी खोटं लिहीत नसतो, तुम्हाला माहीत हाय."

"मी माझ्या नवऱ्याच्या नावापुढं पंधरा वर्षं कै. लिहायले," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. "ह्यांच्या नावापुढं एकदा लिहिलं तर काय बिघडतंय? पोरगी माझ्याकडं मोठी झाली, मामा. खुनी माणसाची पोरगी म्हणून तिला कोण करून घेईल? तुमच्याजवळ हाय का असं एक तरी घर? असंल तर सांगा, मी उठून जाते."

लोक वाईट नसतात, नीट विचारलं पाहिजे, यातलं एक अक्षर मामांना त्या बाईसमोर बोलता आलं नाही. मला त्या क्षणी काकूंचा राग यायला हवा होता, तोही आला नाही.

माणिकराव खाली बसले आणि त्यांनी नवा कागद घेतला. मुलीचं नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. जन्मवेळेपाशी काकू अडल्या. "सकाळची होती, इतकंच आठवतंय," म्हणाल्या. "सात वाजून दहा मिनिटं," माणिकराव म्हणाले, "मंगळवार होता." तेही त्यांनी लिहिलं. मग पुढच्या ओळीवर, त्याच छापल्यासारख्या अक्षरात, 'वडील: कै.' लिहून त्यांनी आपलं नाव घातलं. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला आणि काकूंना दिला. काकूंनी तो वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग त्या जिना उतरून गेल्या. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. माणिकराव जेवले, पानात वाढलेलं सगळं.

लग्न जमलं. मामांना निमंत्रण आलं तेव्हा ते माणिकरावांना म्हणाले, "सदरा इस्त्री करून घ्या." मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हे वेड्यासारखं होतंय, पोरीचं लग्न भरमांडवात मोडेल. मामा ऐकून घेतात आणि करायचं तेच करतात. आम्ही तिघं हॉलमध्ये अगदी शेवटच्या रांगेत उभे राहिलो. नवऱ्यामुलाचे कुणी काका पाहुण्यांची विचारपूस करत आमच्यापर्यंत आले आणि माणिकरावांकडे बघून त्यांनी मामांना विचारलं, "हे कोण?"

"माझे धाकटे भाऊ," मामा म्हणाले.

भाऊ हा शब्द ऐकून माणिकरावांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. काका नमस्कार करून पुढे गेले. स्टेजजवळून काकूंनी आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या खाली उतरतील. त्या थोडा वेळ तशाच बघत राहिल्या, मग वळून मुलीचा शालू सारखा करू लागल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळीकडून अक्षता उडत होत्या आणि माणिकराव मूठ मिटून उभे होते. शेवटी माझ्याकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, "टाकू का?"

"टाका की," मी म्हटलं.

त्यांनी सगळा जोर लावून टाकल्या. चार रांगा पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खांद्यावर पडल्या, त्यांनी मागे न बघता झटकल्या. माणिकरावांना डोळ्यांतल्या पाण्यामुळे ते दिसलं नसावं.

"पोचल्या का?" त्यांनी विचारलं.

"पोचल्या," मी म्हणालो.