आभाळातलं वडाप

गेल्या वर्षी अठ्ठावीस नोव्हेंबरला संध्याकाळी सहा वाजता, उचगाव रस्त्यावरच्या आमच्या घरी पुढच्या सोप्यात पाचशे रुपयांची पैज लागली. हजर होतो मी, माझी बायको, शेजारचे कंट्रोलर आणि त्यांच्या पत्नी. जगात काहीही वेळेवर सुटत नाही आणि सुटलंच तर धड पोचत नाही, यावर या कंट्रोलरइतका ठाम विश्वास असलेला दुसरा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात नसेल. पैजही त्यावरच होती, फक्त गाडीऐवजी रॉकेटवर.

कंट्रोलर म्हणजे सरकारी लाल गाड्यांच्या स्टँडवरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. एकतीस वर्षं काचेच्या केबिनमध्ये बसून त्यांनी गाड्या सोडल्या. समोरच्या वहीत दोन रकाने असत, 'सुटली' आणि 'पोचली'. मलकापूरची गाडी हलली की पहिला रकाना भरायचा. दुसरा मात्र मलकापूरच्या केबिनमधून फोन येईपर्यंत कोरा, मग कुणी कितीही शपथा घेवोत. निवृत्तीनंतर केबिन गेली, वही राहिली. लग्नाला गेले की पत्रिकेतल्या मुहूर्तासमोर अक्षता प्रत्यक्ष कधी पडल्या ते लिहितात आणि पंगतीत मुलीच्या बापाला दाखवतात. दवाखान्यात कुणी 'दहा मिनिटांत नंबर येईल' म्हणालं की दारातल्या चपला मोजतात, "पन्नास मिन्टं" असं जाहीर करतात आणि घरी जाऊन चहा पिऊन परत येतात. गॅसची टाकी स्वतःच्या काट्यावर चढवल्याशिवाय आत घेत नाहीत. एकदा ती दोनशे ग्रॅम जास्त भरली, तेव्हा त्यांना काट्याचाच संशय आला आणि पुढचा आठवडाभर ते तीन वेगवेगळ्या दुकानांत स्वतःचं वजन करून येत होते. मी दूध संघात हिशेब तपासतो, पडताळा घेतल्याशिवाय सही करत नाही. तरीही त्यांच्यापुढे मी भोळा ठरतो. "हिशेबनीस, तुमी कागद वाचताय," ते म्हणतात, "कागद कुणी लिवलाय ते बघा की!"

पण त्यांचा खरा संशय खासगी गाड्यांवर. त्यातही वडापवर. बारा माणसं कोंबल्याशिवाय वडापची जीप हलत नाही आणि तोवर ड्रायव्हर इंजिन घुरघुरवत "आत्ता सुटतीय" म्हणत राहतो, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. कंट्रोलर ते सहन करत नाहीत. जोतिबाच्या पायथ्याला एकदा अशाच जीपच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "पावणं, कवाधरनं बसलाय?" आतल्यांनी एकमेकांच्या घड्याळात बघितलं आणि अर्धी जीप उतरली. तो ड्रायव्हर अजून त्यांना लांबून ओळखतो.

अशा माणसाची थोरली मुलगी बेंगळुरूच्या एका सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ आहे. आभाळातून जमिनीतली ओल मोजणारं नऊ किलोचं यंत्र तिनं चार वर्षं खपून बनवलं. सरकारी रॉकेटला दोन वर्षं जागा नव्हती, म्हणून संस्थेनं ते एका खासगी कंपनीच्या रॉकेटमधून पाठवायचं ठरवलं. हे तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा आम्ही चौघं सोप्यात बसलो होतो आणि फोन स्पीकरवर होता.

"एकटंच जाणार व्हय?" कंट्रोलरनी विचारलं.

"नाही अण्णा, अकरा जणांचे उपग्रह आहेत. भाडं वाटून घेतात."

"म्हंजे वडाप की!"

"अण्णा!"

"सरकारी माल, आणि वडापनं? अगं, लाल गाडीनं जाऊ दे. उशीर हुईना का."

"तोवर थांबता येणार नाही. निधी मार्चला संपतोय. आणि हे गेलं तर दुसरं बनवायला पैसे नाहीत." मग जरा थांबून ती म्हणाली, "सगळे इथं एकत्र बसून बघणार आहोत. घरच्यांनाही बोलावलंय. याल?"

"पोचल्याचा फोन कर. मग येतो."

फोन ठेवल्यावर त्यांच्या पत्नींनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. मी म्हणालो, करार झालाय, दंडाचं कलम आहे, वीस डिसेंबर तारीख आहे, सुटेल आणि पोचेल. ते म्हणाले, एकही हुणार न्हाय. तिथं पाचशे ठरले.

वीस डिसेंबर वाऱ्यामुळे हुकली. पुढची तारीख एका झडपेमुळे. मी पाचशेची नोट पुढे केली तर म्हणाले, "ठेवा. अजून पोचायचं राह्यलंय." तिसऱ्या वेळी कंपनीनं नुसतं 'तांत्रिक कारण' असं कळवलं. कंट्रोलरनी वहीत ते शब्द लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि मुलीला फोन लावला, "किती शिटं भरलीत?"

"अण्णा, असं नसतं हो तिथं."

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. अकरापैकी एका गिऱ्हाइकाचा उपग्रह पोचलाच नव्हता आणि त्याच्यासाठी रॉकेट थांबवलं होतं. ती खूप हसत होती. माझी बायकोही हसली. कंट्रोलर हसले नाहीत. एरवी असा संशय खरा ठरला की ते गल्लीभर सांगत फिरतात. त्या दिवशी ते वही घेऊन गुमान घरी गेले.

अखेर फेब्रुवारीत एका सकाळी अकरा बेचाळीसला रॉकेट सुटलं. आमच्या टीव्हीवर धूर, ज्वाळा, टाळ्या. बायकोनं पेढे पुढे केले. कंट्रोलरनी 'सुटली'खाली वेळ लिहिली आणि पेढा ताटलीतच ठेवला. "पोचू दे."

सतरा मिनिटांनी पडद्यावर वर चढणारी रेघ आडवी झाली. निवेदिका तेच हसू ठेवून म्हणाली, "आम्ही पुढच्या माहितीची वाट पाहत आहोत."

"बंद पडली," कंट्रोलर हळूच म्हणाले.

"अहो, अजून कुठं काय सांगितलंय?"

"घाटात गाडी बंद पडली की मी पण माइकवर हेच सांगायचो, हिशेबनीस."

दीडच्या सुमारास कंपनीनं मोहीम 'अंशतः यशस्वी' झाल्याचं जाहीर केलं. "अंशतः म्हंजे काय? गाडी पोचली आन् माणसं न्हाईत?" असं ते एकदाच ओरडले. मुलगी फोन उचलत नव्हती. तीन वाजता तिचा एका शब्दाचा निरोप आला, 'गेलं.'

बेंगळुरूची लाल गाडी दुपारीच गेली होती, पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी. कंट्रोलरनी पिशवीत दोन कपडे आणि ताटलीतले पेढे भरले आणि मला म्हणाले, "चला, सोडा मला." मी स्टँडकडे स्कूटर वळवली तर म्हणाले, "तिकडं नको. पलीकडं." पलीकडं म्हणजे खासगी ट्रॅव्हल्सची रांग, जिथे त्यांनी आजवर फक्त भांडायला पाऊल टाकलेलं.

"बेंगळुरू. कवा सुटणार?"

"आत्ता सुटतीय की काका, बसा!" एजंट म्हणाला.

आता हे भांडणार, असं मला वाटलं. कंट्रोलरनी सवयीनं खिडक्यांवरून नजर फिरवली. गाडी निम्मी रिकामी होती. फोनवरून पैसे पाठवण्यावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून खिशात होते तेवढे मोजले आणि माझ्यापुढे हात केला. "पैज जिंकलो न्हवं? द्या आता."

सहाला सुटणारी गाडी सहा पन्नासला सुटली. तोवर ते खिडकीत पिशवी मांडीवर घेऊन सरळ बसून होते. मी बाहेर उभा होतो, पण कवाधरनं बसलाय असं विचारायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन आला. "पोचलो," ते म्हणाले. "पोरीनं पेढा खाल्ला अर्धा."

वही आमच्याच सोप्यात राहिली होती. रॉकेटच्या ओळीतला दुसरा रकाना कोराच आहे, तो भरायचा मला अधिकार नाही. खालच्या ओळीत मात्र मी सहा पन्नास आणि साडेआठ लिहिलं.

तिकिटाचे बाराशे पन्नास रुपये झाले. त्यांचे साडेसातशे आणि पैजेचे माझे पाचशे, सगळे रोख, ट्रॅव्हल्सच्या एजंटच्या हातात दिले. पावती त्यांनी मागितली नाही.