घोड्यावरून गेलेला ऑक्सिजन

त्या उन्हाळ्यात देवाशी माझं बोलणं बंद होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझी धाकटी जाऊ गेली. इंदापूर झालं, बारामती झाली, पण तिला ऑक्सिजनची खाट वेळेत मिळाली नाही. ती गेल्यावर मी देवघरातल्या खंडोबाला भंडारा वाहायचं सोडून दिलं. माझ्या वाट्याचा भंडारा सासूबाईच वाहायच्या. मी मात्र मनाशी पक्कं केलं होतं की यापुढे जे करायचं ते आपल्या हातांनी, देवाच्या भरवशावर राहायचं नाही.

मग लासुर्ण्यातल्या आम्ही काही बायकांनी फोनवर एक गट केला. शेतातल्या वस्त्यांवर कुणी आजारी पडलं की घरच्यांनी पेशंटचा व्हिडिओ काढून आम्हाला पाठवायचा. तो आम्ही ओळखीच्या डॉक्टरांना दाखवायचो. ते म्हणाले तर खाट मिळेपर्यंत हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र आमच्यातलंच कुणीतरी गाडीत घालून पोचवायचं. ही यंत्रं बारामतीतल्या काही भल्या माणसांनी दिली होती. पत्ता विचारण्यात वेळ घालवायचा नाही, समोरच्याने लोकेशन पाठवायचं आणि आपण नकाशा बघून निघायचं, ही युक्ती माझी. तिचा मला भारी तोरा होता. ‘वाट चुकायला आता ब्रह्मदेवालाही जमायचं नाही,’ असं मी नवऱ्याला ऐकवायची आणि तो हसायचा.

एका दुपारी शेळगावच्या पलीकडच्या वस्तीवरच्या दत्तूचा फोन आला. भेंडी-वांगी पिकवून बाजारला नेणारं कुटुंब. ‘ताई, मंगल बोलंना झालीया. बोटाला लावायचं मशीन लई खाली दावतंय. काय बी करा, पर लवकर या.’ मंगल त्याची बायको, माझ्या जावेच्याच वयाची. व्हिडिओ बघून डॉक्टर म्हणाले, खाट शोधतो, तोवर यंत्र लावा, उशीर अजिबात नको. दत्तूने लोकेशन पाठवलं आणि मी आमची जुनी व्हॅन काढली.

नकाशाने मला बरोबर आणून सोडलं ते कालव्याच्या भरावावर. बाभळीखाली शेंदूर फासलेला म्हसोबा आणि चहूकडे ऊसच ऊस. घर म्हणून कुठं दिसेना. दत्तूला फोन लावला तर तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा पुन्हा लावला. मागे गाडीत यंत्र होतं, कुठेतरी जवळच एक बाई श्वासासाठी तडफडत होती आणि मधे फक्त माझी युक्ती आडवी आली होती. मी म्हसोबापुढे बसले आणि कितीतरी दिवसांनी देवाशी बोलले. बोलले म्हणजे भांडलेच. म्हटलं, माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढ, तिच्यावर कशाला काढतोस? मग रडू आवरेना.

‘ताई, हितं कुणाचं घर न्हाय,’ असं कुणीतरी मागून म्हणालं. कालव्याच्या उतारावर एक धनगर मेंढरं घेऊन थांबला होता. शेजारी त्याची बायको आणि बिऱ्हाड लादलेला घोडा. ‘हितं निस्ती रेंज येती. वस्तीवरची समदी फोन कराया हितंच येत्यात. मगाशी एक जण आलता. फोन झाल्यावर म्हसोबाला हात जोडलं आन् उसातनं पळत गेला.’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दत्तू जिथे उभा होता तिथलंच लोकेशन त्याने पाठवलं होतं. आमच्याकडच्या वस्त्यांवर रेंजच नसते, दुसरं काय होणार? त्याचं घर उसापलीकडे, आत बरंच लांब होतं. उसाला पाणी सोडलेलं, त्यामुळे बांधावरून गाडी जाणं शक्य नव्हतं आणि ते जड यंत्र मला एकटीला पेलणारं नव्हतं. मी घाईघाईने सगळं सांगितलं, तशी धनगराच्या बायकोने घोड्यावरची भांडी, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या खाली उतरवल्या. नवऱ्याला म्हणाली, ‘तुमी जावा, मी बघते मेंढरांकडं.’ आम्ही यंत्र घोंगडीत गुंडाळून घोड्यावर बांधलं आणि चिखलातून निघालो. आमचा कुळदेव घोड्यावरून येतो, असं लहानपणापासून ऐकलं होतं, पण तो घोडा पांढरा असतो. हा तांबूस होता आणि वाटेत दिसेल त्या हिरव्या पाल्याला तोंड घालत होता.

मंगलचे ओठ काळेनिळे पडले होते. यंत्र सुरू केलं, नळी नाकाला लावली. हळूहळू तिचा श्वास सुरळीत झाला. तिने डोळे उघडून दत्तूकडे पाहिलं, तसा तो भिंतीला टेकून खालीच बसला. वाटेत मी धनगराला विचारलं होतं, तुम्ही कालव्यावर कसे? तो म्हणाला, ‘बाकीच्यांचं वाडं मेंढरं घेऊन सकाळीच फुडं गेलं. आमची एक मेंढी वाटंतच व्याली, म्हून थांबलाव.’ निघण्याआधी त्याने एकच मागणं केलं, बंद पडलेला मोबाइल थोडा वेळ चार्जिंगला लावून द्या. संध्याकाळी बारामतीत खाट मिळाली आणि मंगल पुढे बरी होऊन घरी आली. त्या मेंढीला त्याच वाटेवर, त्याच दुपारी कळा का सुटल्या, हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. सांगायचा प्रयत्नही करत नाही.

तेव्हापासून भेंडी निघाली की दत्तू त्याच धनगराची मेंढरं खतासाठी आपल्या रानात बसवतो. यंदा मंगलने मलाही जेवायला बोलावलं. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती, धनगराला आग्रह करत होती, आणि मी नुसती बघत बसले होते. जेवण झाल्यावर मी धनगराला म्हटलं, ‘दादा, तुमच्या घोड्यानं त्या दिवशी हिचा जीव वाहून आणला.’

तो घोड्याची मान खाजवत म्हणाला, ‘त्याला काय ठावं ताई, पाठीवं काय हाय? आमचं बिऱ्हाड असू दे न्हायतर तुमचं मशीन. त्यानं आपलं चालायचं.’

जाऊ का गेली आणि मंगल का राहिली, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. आता मी ते मागतही नाही. फोन आला की पेशंट कुठे आहे ते आधी नीट विचारते, लागेल ते गाडीत घालते आणि निघते. कुणाच्या हातून कुणाला काय पोचवायचं, ते ठरवणारा वेगळा आहे. मी चालायचं. त्याने मला चालणाऱ्यांत घेतलं, एवढे त्याचे उपकार मला पुरेसे आहेत.