हलका हात

"हात शिकला की डोक्याला सुट्टी," जोविटा नव्या नर्सना सांगायची. नौपाड्याच्या नर्सिंग होममध्ये ती तीस वर्षं सुया टोचत होती.

त्या सकाळी पोपटकाकांच्या पलंगाशी ती भरलेली सिरिंज घेऊन थबकली. इन्सुलिन मघाशीच दिलं होतं का? काही केल्या आठवेना. कागदावर सही नव्हती. पण सह्या ती सगळ्यांना टोचून झाल्यावर एकदमच करायची.

"काका, सुई टोचली का मी?"

"तुझी सुई कळते कुठं, बाई! मुंगीसुद्धा जास्त चावते."

काका हसले. तिने सिरिंजवर टोपण चढवलं. दुसऱ्यांदा दिलं असतं तर म्हातारा हसत हसत गेला असता.

"समीक्षा, डॉक्टरांना बोलाव. काकांची शुगर बघत राहा," तिने सिरिंज शेजारी उभ्या असलेल्या नव्या नर्सच्या हातात दिली. डॉक्टर येईपर्यंत जोविटा काकांचा हात धरून बसली आणि मग तीस वर्षांचा ॲप्रन खुंटीला लावून बाहेर पडली.