हातमोज्याच्या मापाची कडी

इंग्लंडातल्या लडलो गावच्या चर्चमागच्या खोलीत दर गुरुवारी आम्ही जुन्या वस्तू ओळखायला बसतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळी बायका नाचाच्या समारंभाला काय काय लटकवून जात, हा आमचा खास विषय. झग्याचा घोळ उचलून धरणारा चिमटा, हातमोज्याची बटणं ओढणारा आकडा, कितवा नाच कुणाबरोबर ते टिपायच्या हस्तिदंती पट्ट्या. एवढं सामान सांभाळून त्या नाचत कधी, हे मला अजून उलगडलेलं नाही.

खिडकीजवळची खुर्ची म्युरियल टॅपस्कॉटची. तिने जन्मभर नाचाच्या शिकवणीत पियानो वाजवला. अख्खं गाव तिच्या तालावर गिरक्या घेऊन गेलं, ती पियानोमागेच. आमचा नियमही तिचाच: वस्तू हातोहात फिरवायची, प्रत्येकाचं पहिलं उत्तर तेच शेवटचं, आणि खिडकीच्या खुर्चीतला माणूस चुकला तर त्याने खुर्ची सोडायची. नियम केला तेव्हा तिचे डोळे शाबूत होते.

यंदा मात्र माणसांचे चेहरे तिला मधोमध पुसल्यासारखे दिसायला लागले. कडा तेवढ्या उरल्या.

"डेस्मंड, तुझे कान एवढे मोठे आहेत हे मला आत्ता कळलं," ती म्हणाली.

"दातांच्या डॉक्टरला कानच लागतात, बाई. पेशंट ओरडतोय की नाही ते कळायला."

त्या गुरुवारी टेबल सांभाळणाऱ्या हिलरीने एक चांदीची वस्तू आणली. हातभर नाही, वीतभर. शंकू, खाली दांडी, दांडीला साखळी, साखळीला कडी. डेस्मंड म्हणाला, मेणबत्ती विझवायची टोपी. हिलरीने कडी बोटात घालून पाहिली. ती गरागरा फिरली. कुठल्याही बाईच्या बोटाला ढिलीच झाली असती.

म्युरियलने वस्तू डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, तिरकी केली. "दारू ओतायचं नरसाळं. भोक घाणीने बुजलंय."

हिलरीने शंकूच्या टोकाला नख लावून पाहिलं; भोक नव्हतंच, भरीव चांदी होती.

"फारच रंजक, म्युरियल," हिलरी म्हणाली.

या गावात 'चुकलात' असं कुणी कुणाला म्हणत नाही. 'फारच रंजक' म्हणतात. म्युरियलने आजवर अर्ध्या गावाला ते ऐकवलं होतं. तिला दोनदा सांगावं लागलं नाही. ती उठली, कोट चढवला, कातडी हातमोजे घातले.

"अगं, चहा तरी पिऊन जा."

"नियम म्हणजे नियम. हे घे तुझं नरसाळं."

परत द्यायला तिने ते साखळीने उचललं आणि कडी बोटात गेली. फिरली नाही, अडकली नाही, बसली. म्युरियल तिथेच थांबली.

"नाचात हातमोजे काढायचे नसत," ती स्वतःशीच म्हणाली. "ही कडी बोटाच्या मापाची नाहीच. हातमोज्याच्या मापाची आहे."

मग तिने एक हात न दिसणाऱ्या खांद्यावर ठेवला आणि वॉल्ट्‌झ नाचाची धून गुणगुणत गिरकी घेतली. कोटासकट, बिस्किटांच्या टेबलाला वळसा घालून. तिला नाचताना आमच्यातल्या कुणीच कधी पाहिलं नव्हतं. चांदीचा शंकू तिच्या बोटाला झुलत होता. पंजा मोकळा होता.

"फुलं," ती म्हणाली. "यात गुच्छ असायचा. नाचताना हात हवा, आणि त्याने दिलेली फुलं खाली ठेवायची सोय नाही."

तिचं बोट दांडीवरून सरकलं. कुठेतरी दाबलं गेलं. खट्‌कन आवाज झाला, दांडी उमलली, तिचे तीन पाय झाले. तिने वस्तू टेबलावर टेकवली, आणि शंकू तोंड वर करून त्या पायांवर उभा राहिला.

"आणि दमल्यावर अशी."

दीडशे वर्षांपूर्वी कुणी दमलेल्या मुलीने अशीच फुलं टेकवली असतील. हिलरीने डोळे पुसले. डेस्मंड म्हणाला, "म्युरियल, हे फारच…"

"पुढचा शब्द काढलास तर बघ."

तरीही ती गेली. पहिलं उत्तर नरसाळं होतं.

पुढच्या गुरुवारी ती आली ती थेट दाराजवळच्या स्टुलावर बसली. खिडकीची खुर्ची रिकामीच होती. आम्ही सगळे हातमोजे घालून बसलो होतो. कुणी ठरवलं नव्हतं. इथे असल्या गोष्टी बोलून ठरवत नाहीत.

"जुना नियम उघड्या हातांचा होता," हिलरी कोरडेपणाने म्हणाली. "आजपासून हातमोजे घालून ओळखायचं. या पद्धतीत तू अजून एकदाही चुकलेली नाहीस."

म्युरियल टेबलाजवळ आली. एकेकाचा हात चाचपत डेस्मंडपाशी थबकली. त्याचे हातमोजे बागकामाचे होते, चिखलासकट.

"हे घालून नाचाला गेला असतास तर तुला तबेल्यात बसवलं असतं," ती म्हणाली, आणि खिडकीकडे जाऊन खुर्चीत बसली. "हं, आण काय आणलंयस ते."