सोवळ्यातलं इंटरनेट

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत ग्रंथपाल मी, पण इंटरनेट चालतं ते आयटी विभागातल्या साहेबांच्या मर्जीनं. हे पाथर्डीकडचे गृहस्थ रुमालानं खुर्ची पुसल्याशिवाय बसत नाहीत. विद्यार्थ्यांची मनंही तितकीच स्वच्छ राहावीत म्हणून त्यांनी स्तनांच्या कॅन्सरवरची सगळी पानं अश्लील ठरवून बंद केलीत. तक्रार केली की म्हणतात, "मॅडम, पोरं बिघडत्यात. डॉक्टर व्हायला पुस्तकं हायेत की!"

परवा ते बायकोचा रिपोर्ट घेऊन आले. खुर्ची न पुसताच माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले, बंदी उठवली आणि बराच वेळ वाचत राहिले. रुमाल डोळ्यांना लागला. मी गुपचूप पाणी ठेवलं.

जाताना बंदी पुन्हा घालायला मात्र ते विसरले नाहीत.