न मरणारं मशीन

चहा घ्या आधी. कारण हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही तुमचा कॉम्प्युटर काही माझ्याकडे दुरुस्तीला आणणार नाही, तेव्हा निदान चहाचं तरी नाव राहू द्या!

तर मी एकदा चोर पकडायला निघालो होतो. भर दुपारी, सगळ्या स्टाफसमोर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. आणि पकडलाही बरं का! पण थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मी शिकलो लोणखेड्याला. कॉम्प्युटरची डिग्री घेतली आणि नोकरी लागली ती नवापूरजवळच्या एका हॅचरीत. अंडी उबवायची, पिल्लं काढायची, गाडीत भरून पाठवायची. आमचे काका अजूनही विचारतात, “कोंबड्यासले कॉम्प्युटर कसाले लागस रे?” लागतो हो! उबवणीच्या मशीनमधलं तापमान जरा वर-खाली झालं की अख्खी बॅच हातची जाते. ते तापमान कॉम्प्युटर बघतो, आणि गडबड वाटली की छपरावरचा भोंगा वाजवतो. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून सगळ्यांनी मशीनकडे पळायचं, असा नियम.

या पळण्याचे पुढारी म्हणजे भटू अण्णा, आमचे सुपरवायझर. हॅचरीचा पाया खणला तेव्हापासूनचा माणूस. कमरेला चाव्यांचा जुडगा, त्यात प्रत्येक खोलीची चावी. जुडगा वाजला की आम्ही ओळखायचो, अण्णा आले. आमचे मालक नाना दरवर्षी दिवाळीला सगळ्यांसमोर म्हणायचे, “घरन्या चाब्या बायकोजोडे, हॅचरीन्या चाब्या भटूजोडे. मी मोकळा!” आणि अण्णा त्या दिवशी जुडगा जरा जास्तच वाजवत फिरायचे.

अण्णा मला भाऊ म्हणत आणि अहिराणीत बोलत. एक लक्षात ठेवा हं, पुढे लागेल. अण्णा शुद्ध मराठी फक्त दोन प्रसंगी बोलतात. सरकारी साहेब आला की, आणि मनातून दुखावले गेले की.

आता जरा माझी हुशारी ऐका. हॅचरीत एकच मोठा कॉम्प्युटर होता, सर्व्हर म्हणतात तो. तो बंद पडला की सगळंच बंद. मी नानांच्या मागे लागून तीन सर्व्हर घेतले आणि त्यांचा एक गट बांधला. क्लस्टर! प्रत्येक सर्व्हरच्या पोटात दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे डब्बा नसलेले कॉम्प्युटर. एक बिलं करतो, एक हजेरी घेतो, एक तापमान बघतो. भाडेकरूच समजा. आणि त्यावर मी बसवली हाय अव्हेलेबिलिटी. म्हणजे काय? तर एखादं घर पडलं, तर भाडेकरू आपोआप शेजारच्या घरात जाऊन कामाला लागणार. कोणी बोलवायला नको, कोणी सांगायला नको.

उद्घाटनाला मी नानांसमोर एका सर्व्हरची वायर खस्सकन ओढली. कामावरच्या बायका घाबरल्या! थोड्या वेळात त्यातलं मशीन दुसऱ्या सर्व्हरवर चालू. टाळ्या! मी छाती काढून म्हणालो, “नाना, आता तुम्ही मारा, मी मारतो, कोणीही मारा. हे मशीन मेलं तरी उठून बसणार. मी पहारेकरी ठेवलाय!”

नानांनी शाल दिली, नारळ दिला. फोटो निघाला. तो फोटो माझ्या आईने फ्रेम करून टीव्हीवर लावलाय, आणि हल्ली मी त्या टीव्हीकडे फार बघत नाही.

पुढे काही महिन्यांनी तापमानाचा नवा प्रोग्राम आला. मी नवीन मशीन तयार केलं, सगळं तिकडे हलवलं. आता जुनं मशीन फक्त बंद करायचं राहिलं होतं. केवढंसं काम! सकाळी आलो, माझ्या लॅपटॉपवरून जुन्या मशीनमध्ये शिरलो, बंद करण्याचं बटण दाबलं आणि हात झटकत चहाला निघालो.

भोंगा!

सगळे पळाले. अण्णा सगळ्यांच्या पुढे, जुडगा खणखणत. उबवणीच्या मशीनमध्ये बघितलं, तापमान बरोबर. मग वाजला का? मी आत येऊन बघतो तर जुनं मशीन चालू! त्याची एक खोड होती, चालू झालं की आधी भोंगा वाजवून बघायचं. आपणच नीट दाबलं नसेल, असं म्हणून मी पुन्हा बंद केलं. या वेळी पडदा काळा होईपर्यंत उभा राहिलो. झाला काळा. गेलो चहाला.

भोंगा!

पुन्हा पळापळ. मी मात्र या वेळी सरळ सर्व्हरच्या खोलीकडे धावलो. दार उघडं. आत कोण? भटू अण्णा! हातात चावी.

“अण्णा, तुम्ही इथे काय करताय?”

“भोंगा वाजना ना भाऊ. दखाले उनू, काय व्हयनं ते.”

म्हणे, बघायला आलो! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हणजे मला तसं वाटलं. कारण अण्णांना जुना प्रोग्राम फार आवडायचा. त्यात आकडे हे एवढे मोठे, लाल-हिरवे. नव्यात बारीक. आदल्याच दिवशी ते म्हणाले होते, “भाऊ, तुन्हा नवा कॉम्प्युटर बिनचष्म्यानं दखावस नही.” म्हणजे मी बंद करतो आणि हे येऊन चालू करतात! सरळ आहे ना? तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं?

मी आधी गोडीत घेतलं. “अण्णा, जुनं आता बंद ठेवायचं हं. हात नका लावू.”

“मी हातबी लावा नही भाऊ.”

“नाही, कोणीतरी लावतंय म्हणून म्हटलं.”

मी पासवर्ड बदलला, मशीन तिसऱ्यांदा बंद केलं. आणि तुम्ही ओळखलंच असेल. भोंगा! आता लोक पळतही नव्हते, चालत निघाले होते. एकाने तर डबाच सोडला नाही. भोंगा वाजूनही लोक जेवत बसलेत, ही हॅचरीसाठी केवढी वाईट गोष्ट! मला रागच आला, आणि मी तडक नानांच्या केबिनमध्ये गेलो.

“नाना, सर्व्हर रूममध्ये कोणीतरी मुद्दाम हात घालतंय. नाव घेत नाही. पण चावी एकाच माणसाकडे आहे.”

नाव न घेता याहून स्पष्ट नाव घेता येईल का हो?

नाना शांत माणूस. ओरडले नाहीत. सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं आणि एवढंच म्हणाले, “भटू, हाऊ काय म्हनी ऱ्हायना?”

अण्णा जागेवरून उठले. कमरेचा जुडगा सोडला. मी तो जुडगा त्यांच्या कमरेवरून निघालेला पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी तो टेबलावर ठेवला, आवाजही होऊ दिला नाही, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, आपला माझ्यावर विश्वास नसेल तर या चाव्या आपणच सांभाळाव्यात.”

साहेब! आपण! सांभाळाव्यात! तिथेच थांबायला हवं होतं. पण डिग्री होती ना! मी म्हणालो, “नाना, आत्ता सिद्ध करतो. सगळ्यांनी इथेच बसा. खोलीला कुलूप, चाव्या तुमच्या खिशात. मी इथूनच लॅपटॉपवरून मशीन बंद करतो. आता बघू कसं चालू होतं!”

बसलो. अण्णा समोरच्या खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे. मी मशीन बंद केलं. सगळे छपराकडे बघायला लागले.

भोंगा!

अण्णांचे हात गुडघ्यांवरच होते. कोणीतरी मागून खुदकन हसलं. शहाणा माणूस इथे अण्णांच्या पाया पडला असता. मी काय केलं? मी ओरडलो, “हॅकर! नाना, हॅकर! सुरतेहून कोणीतरी घुसलाय!”

आता सुरतच का? तर गाड्या तिकडे जातात म्हणून. दुसरं काही कारण नाही.

इंटरनेटची वायर काढली. मशीन बंद केलं. भोंगा! इंटरनेट नाही, चावी नाही, माणूस नाही, आणि तरी भोंगा! एक मावशी म्हणाल्या, “लिंबू उतरी टाका ना त्यावरथून.” खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही ते पटलं.

मग मी शेवटचा उपाय काढला. नानांकडून चावी घेतली, खोलीत शिरलो आणि ज्या सर्व्हरच्या पोटात ते मशीन होतं, त्या सर्व्हरची वायरच ओढली. खस्सकन! सगळं शांत. मी विजयी वीरासारखा बाहेर आलो. म्हटलं, “संपला विषय. आता चहा सांगा कोणीतरी.”

चहा आला. मी कप तोंडाला लावला, आणि भोंगा!

लॅपटॉप उघडून बघतो तर जुनं मशीन दुसऱ्या सर्व्हरवर चालू! मी जागेवरून उडालोच. “नाना! चोर शेजारच्या घरात शिरला!”

नाना खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या मिश्या हलायला लागल्या होत्या. ते सावकाश म्हणाले, “एक सांग. तू नारळ कसाना लिधा व्हता?”

“कसला नारळ, नाना?”

“तूच सांगं व्हतं ना? ‘तुम्ही मारा, मी मारतो, कोणीही मारा. मेलं तरी उठून बसणार. मी पहारेकरी ठेवलाय.’ त्यानाकरताच शाल-नारळ दिधा व्हता ना मी तुले?”

मित्रांनो, माझे कान एवढे तापले की त्यांच्यावर अंडी उबली असती.

हाय अव्हेलेबिलिटी! मीच बसवलेली! उद्घाटनाच्या गडबडीत मी यादीत सगळ्याच मशीनसमोर खूण केली होती, की हे मशीन कायम चालू ठेव. जुन्या मशीनसमोरही. मी आतून बंद करत होतो, आणि माझा पहारेकरी म्हणत होता, अरेरे, हे पडलं वाटतं, उचला! आणि इमानदारीने उचलत होता. मी वायर ओढली, तर त्याने त्याला उचलून शेजारच्या घरात नेलं. बाकीचे भाडेकरूही नेले. बिलं अडली नाहीत, हजेरी अडली नाही. इतकी सुंदर व्यवस्था अख्ख्या तालुक्यात कोणाकडे नसेल, आणि ती बांधणारा गाढव टेबलावर चहाचा कप सांडून उभा होता.

मी त्या यादीचं पान उघडलं. जुन्या मशीनसमोरची खूण काढली. मशीन बंद केलं. सगळे छपराकडे बघत बसले. बराच वेळ. काही नाही. छपरावर एक कावळा ओरडला तेवढंच.

नाना म्हणाले, “आते चाब्या तू दे त्याले.”

मी जुडगा दोन्ही हातांनी उचलला. जड होता. अण्णांसमोर धरला आणि म्हणालो, “अण्णा, चुकलं माझं. तुमच्यावर उगाच आळ घेतला.”

अण्णांनी चाव्या घेतल्या, कमरेला लावल्या, आणि म्हणाले, “आभारी आहे, साहेब.”

त्यापेक्षा एक कानाखाली दिली असती तर बरं वाटलं असतं हो! रात्रभर ते ‘साहेब’ माझ्या डोक्यात वाजत राहिलं. भोंगा बंद करता आला, ते कसं बंद करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरच्या खोलीशी गेलो तर दाराला आतून कडी. बाहेर वैशाखातलं ऊन, आणि आत एसीत बसून कोणीतरी बशीतून चहा ओढतंय. मी दार वाजवलं.

आतून आवाज आला, “कोन शे?”

शे! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अहिराणी! म्हणजे माणूस परत आला!

“मी आहे, अण्णा.”

“मी कोन?”

“अहो मी! तुमचा भाऊ!”

“नाव सांग. आठे चोर फार व्हयी जायेल शेत.”

मी नाव सांगितलं. दार उघडेना. गाव सांगितलं. दार उघडेना. डिग्री सांगितली, तर आतून चहाचा मोठा भुरका ऐकू आला. घाम पुसत शेवटी मी हळूच म्हणालो, “चोर आहे, अण्णा.”

कडी निघाली. “ये भाऊ, मझार ये. तुन्हा चहा थंडा व्हई ऱ्हायना.”

तेव्हापासून रोजचं हेच आहे. परवा एक सरकारी साहेब हॅचरी बघायला आले, मी ऐटीत त्यांना सर्व्हर रूम दाखवायला नेलं. दार आतून बंद. अण्णा आत. साहेब माझ्याकडे बघताहेत, मी दाराकडे बघतोय, आणि आतून खास शुद्ध मराठीत प्रश्न आला, “कोण आहे?”

काय करता? साहेबांसमोर म्हणालो, “चोर!”