शेठच्या झोपेत कोण आलं

शिवता शिवता मावशी रोज दुपारी मशीनचं चाक हाताने धरायची आणि पायाशी झोपलेल्या कुत्र्याकडे बघायची. त्याचे पंजे हलू लागले, मिटल्या पापण्यांखाली बुबुळं फिरू लागली, की त्याला हलवून कानाशी म्हणायची, "शेठ, कोण आलं?"

शेठ धडपडत उठायचा, थेट दाराशी जाऊन शेपूट हलवायचा. मावशीही दाराकडे बघत राहायची. कुणीच नसायचं.

काका गेल्यापासून हे चाललं होतं. छापखान्यातून ते दुपारीच घरी यायचे. दिवसभर लोळतो म्हणून कुत्र्याला 'शेठ' नाव त्यांनीच ठेवलं होतं. आता मावशीचं कशात मन लागत नव्हतं. एक बाही जोडली की उठायची, खिडकी उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची.

"मला एकदाही स्वप्नात दिसले नाहीत," ती मला म्हणाली. मी तेव्हा तिच्याकडे राहून शिकत होते. "जन्मभर संसार केला मी, आणि भेटायला येतात याला!"

मी वाचलेलं सांगितलं. उंदराला चक्रव्यूहात पळवलं, तर तो झोपल्यावरही त्याच्या मेंदूतल्या त्याच पेशी त्याच क्रमाने जाग्या होतात. जणू तो तीच वाट पुन्हा चालतो. स्वप्नात शरीर बहुतेक जखडलेलं असतं, थोडीफार हालचाल तेवढी निसटते. म्हणून पंजे हलतात.

"पण त्याला काही दिसतं का? उंदराला विचारलं कुणी?"

"तेच तर विचारता येत नाही."

"मग अर्धवटच की तुमचं शास्त्र." तिने दोरा दाताने तोडला. "आणि याला काका दिसतात की नाही?"

"नाही सांगता येत, मावशी. पण दाराशी तो जागा झाल्यावर जातो. 'कोण आलं' ऐकून."

"उगाच काहीतरी!"

शेठ उघड्या डोळ्यांनी पडला होता. मी म्हटलं, "शेठ, कोण आलं?" तो उठला, दाराशी गेला, शेपूट हलवू लागला.

मावशीने माझ्याकडे पाठ करून मशीन जोरात चालवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी हट्टाने पुन्हा वाकली आणि तिने त्याला जोरात हलवलं. शेठ झोपेतच गुरगुरला, दात तिच्या बोटात रुतला. मग जागा झाला आणि तिच्यापेक्षा जास्त घाबरून पलंगाखाली शिरला.

"रोज अशी झोप मोडलीत तर माणूसही चावेल," गुरांचे डॉक्टर म्हणाले. "झोपू द्या हो त्याला."

त्यानंतर पंजे हलले, की ती पट्टी बांधलेला हात मांडीखाली दाबून बसायची. ओठ हलायचे, शब्द बाहेर यायचा नाही. शेठ झोपेतच पळायचा, कुंइं कुंइं करायचा, थांबायचा. पहिल्यांदा आपणहून जागा झाला, तेव्हा दाराकडे त्याने पाहिलंही नाही. हनुवटी तिच्या पावलावर टेकवली.

"कुठे गेला होतास रे?" तिने विचारलं. कितीतरी वेळ तिने मशीन सुरू केलं नाही.

नोकरी लागली तेव्हा मी निघाले. मावशी पुढे फार दिवस जगली नाही. आमची ती शेवटचीच भेट. मी बॅग उचलली, तेव्हा ती जागची उठली नाही. नजर खाली, झोपलेल्या शेठच्या पंजांवर.

"दार हळू ओढ गं," ती म्हणाली, "पळतोय तो."